शेहेचाळीस हजर

जव्हारची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही आता धबधबा शोधत असाल. नाही येणार. तारपा पण वाजणार नाही, आणि कुडाच्या भिंतीवर पांढरी माणसं हात धरून नाचणार नाहीत. सनसेट पॉइंट येईल, पण तिथं सूर्याकडं कोणी बघणार नाही. क्रोमोसोमवर काम करणाऱ्या बाई म्हटल्यावर इस्त्रीचा पांढरा कोट, सोनेरी काडीचा चष्मा आणि बारीक आवाज डोक्यात आला असेल, तर तेही काढून टाका.

आमच्या बाई पायात रबरी स्लिपर, कोटावर शाल आणि शालीवर सेफ्टी पिन अशा अवतारात स्टुलावर उभ्या असायच्या. हातात पिपेट. खाली फरशीवर काचेची पट्टी. मी पट्टीशेजारी उकिडवा. वरून हुकूम यायचा, "हा कर."

मी वाकून काचेवर 'हाऽऽ' करायचो.

"लसणाची चटणी खाल्लीस?"

"नाही बाई."

"खोटं. मंडळी पळतील. जा, चूळ भरून ये."

मंडळी म्हणजे क्रोमोसोम. बाई त्यांना गुणसूत्रं नाही म्हणायच्या आणि क्रोमोसोम पण नाही. मंडळी. 'आज मंडळी रुसलीत', 'मंडळी नीट बसली नाहीत', 'मंडळींना गर्दी झालीय'. नवीन माणसाला वाटायचं आत कुठंतरी पाहुणे उतरलेत.

आमचं काम काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं तुम्ही नुसते माझ्या तोंडाकडं बघत बसाल. आपल्या पेशीत शेहेचाळीस क्रोमोसोम असतात. तेवीस जोड्या. जोडीतला एक आईकडनं, एक बापाकडनं. एक ते बावीस अशा नंबराच्या जोड्या, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, आणि शेवटची जोडी बाई की पुरुष ते ठरवणारी. आम्ही माणसाचं थोडं रक्त घेतो, नळीत घालून इन्क्युबेटरच्या उबेत तीन दिवस वाढवतो. मग पेशी फुगवतो आणि वरून काचेवर थेंब सोडतो. पेशी फुटते, मंडळी पसरतात. काचेवर दमट वाफ असली की छान पसरतात, म्हणून तो 'हा'. मग रंगवायचं, मायक्रोस्कोपखाली धरायचं, मोजायचं, जोड्या लावायच्या. झालं. माझ्या आईला अजून वाटतं मी लघवी तपासतो.

बाई जव्हारच्या नव्हत्या. मुंबईत एका मोठ्या लॅबमध्ये त्यांची उमर गेली. रिटायर झाल्यावर मैत्रिणींबरोबर इकडं फिरायला आल्या. सगळ्या बायका सनसेट पॉइंटवर 'अय्या किती लाल' करत होत्या, आणि आमच्या बाईंनी पर्समधनं काचपट्टी काढली. तिच्यावर 'हा' केला आणि घड्याळ लावून बघत बसल्या की वाफ किती वेळात उडते. मैत्रिणी म्हणाल्या, अगं सूर्य गेला. बाई म्हणाल्या, "जाऊ दे. इथं मंडळी फार सुरेख पसरतील." पुढच्याच महिन्यात सामान घेऊन हजर! इथल्या एका छोट्या दवाखान्याला त्यांनी स्वतःचा मायक्रोस्कोप दिला आणि बदल्यात एक खोली मागितली. लोक म्हातारपणी हवापालट करायला जव्हारला येतात. बाई क्रोमोसोमना हवापालटाला घेऊन आल्या.

मी तेव्हा नुकता डिप्लोमा करून आलो होतो. शाळा जव्हारची, हुशारी नकलांची. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, दवाखान्याचे डॉक्टर, वीटभट्टीचा मुकादम, कोणाचाही आवाज मी काढतो. मुलाखतीत बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"शेहेचाळीसपर्यंत मोजता येतं?"

मी आमच्या हेडमास्तरांच्या आवाजात म्हणालो, "येतं म्हणजे काय? पाढेसुद्धा येतात!"

बाई हसल्या नाहीत. "आणि पंचेचाळीसला थांबता येतं?"

मी बोटांवर मोजायला लागलो.

"बहुतेकांना येत नाही," बाई म्हणाल्या. "शेहेचाळीस असणार हे आधीच माहीत असतं ना, म्हणून शेहेचाळीसच दिसतात. उद्यापासून ये."

मोजायची त्यांची पद्धत म्हणजे हजेरी. खरोखरची. मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या आणि खणखणीत आवाजात, "एक नंबर?" मी बाजूच्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणायचं, "हजर. दोघंही." "दोन नंबर?" "हजर." आठवड्याभरात मला कंटाळा आला. मग मी प्रत्येकाला वेगळा आवाज दिला. एक नंबर पैलवान, घसा बसलेला. नऊ नंबर सर्दीवाला. पुरुष ठरवणारा वाय म्हणजे पाड्यावरचा भाई, दिसायला एवढुसा पण बोलणं असं की जंगल याच्या बापाचं. एकवीस आणि बावीस दोघांना मी पहिलीतल्या पोरींचा किनरा आवाज दिला.

बाईंनी डोळा उचलला. आता ओरडा बसणार, असं मला वाटलं.

"बावीसचा आवाज जरा जाड काढ. एकवीस सगळ्यात लहान आहे. नंबर देणाऱ्यांचीच तेव्हा गफलत झाली, मग तसंच राहिलं." आणि पुन्हा डोळा लावला. "हं. बावीस नंबर?"

मी जाड आवाजात, "हजर बाई."

त्यांचे खांदे जरासे हलले. एवढंच. पण खांदे हलले ना राव, म्हणजे बाईंचं ते खो खो हसणं!

त्यांच्या रागाचं पण सांगतो. मोखाड्याच्या बाजूच्या आमच्या एक आशाताई आहेत. पाड्यापाड्यांत पायी हिंडणारी बाई, कामाला वाघ. पहिल्यांदा त्यांनी आमच्यासाठी रक्त आणलं ते लसीच्या डब्यात, बर्फाच्या पाकिटांमध्ये घट्ट दाबून. बरोबरच आहे. लस थंड ठेवायची हे त्यांना इतकी वर्षं शिकवलेलं. ताई ऐटीत म्हणाल्या, "बघा, कशी गारेगार आणलीय."

बाईंनी नळी हातात घेतली आणि खुर्चीत बसल्या. "ताई, ही लस नाही हो. आत जिवंत पेशी आहेत. तुम्ही त्यांना बर्फात पुरून आणलंत."

"आता?"

"आता काय. परत जायचं, माफी मागायची, परत घ्यायचं."

बाई नुसतं सांगून थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः एसटीत बसल्या, सूर्यमाळच्या त्या पाड्यावर चढल्या आणि ज्याचं रक्त वाया गेलं त्या म्हाताऱ्यासमोर हात जोडले. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं आपण मरणार, म्हणून मुंबईची बाई पाया पडायला आली. तेव्हापासून आशाताई रक्त रुमालात गुंडाळून भाकरीच्या पिशवीत आणतात आणि कोणी बर्फाचं नाव काढलं की त्याच्या अंगावर जातात.

त्याच पाड्यावरनं आशाताईंनी सविताला आणलं.

सविता आणि देवराम. तीन वर्षं लग्नाला, तीन वेळा दिवस राहिले, तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, दोघांचंही रक्त क्रोमोसोमसाठी द्या. सवितानं हात पुढं केला. देवराम आलाच नाही. त्याचं म्हणणं मला आशाताईंनी त्याच्याच सुरात ऐकवलं: "माना काय झालाय? पोट तिचा पडतंय, रगत माझा कशाला?" माना म्हणजे मला, त्यांच्या बोलीत. मान वर करून, हनुवटीनं छताकडं बोट दाखवल्यासारखं करून बोलतो तो. मी तो सूर लगेच उचलला.

भातकापणी झाली होती, माणसं भट्टीवर निघायच्या तयारीत. भट्टीवर मजूर एकटादुकटा घेत नाहीत, जोडी घेतात. नवरा माती कालवणार, बायको विटा थापणार. मुकादमाची गाडी गुरुवारी दुपारी जव्हारच्या स्टँडवरनं सुटणार होती. देवरामच्या आईनं ठरवून टाकलं होतं की ह्या खेपेला सविता जाणार नाही. तिला तिच्या आईकडं सोडायची आणि जोडीला स्वतःची भाची बसवायची. भट्टीवर सहा महिने एका झोपडीत राहिल्यावर परत येताना ती भाची कोण म्हणून येणार, ते सगळ्या पाड्याला कळत होतं. सविताला तर आधीच कळलं होतं.

आशाताई मला म्हणाल्या, "भाऊ, त्याला कसंही करून आण. गाडी सुटायच्या आत कळायला पाहिजे काय ते."

मी देवरामला फोन केला. रेंज म्हणजे पाड्याच्या वरच्या माळावर एका दगडावर उभं राहिलं की दोन काड्या. मी म्हणालो, "दादा, शनिवारी दोघं या. जोडी तपासायचीय."

तिकडनं, "जोडी तपासतात आता?"

"हो, जोडीच तपासतो आम्ही."

"येतो."

आणि आला की! शनिवारी सकाळी नऊला, केस विंचरून. बाही वर करता करता म्हणाला, "मुकादम लय कडक झाला ह्या साली. आधी कवा जोडी तपासत नव्हता."

माझ्या डोक्यात लख्ख. ह्याला वाटलंय भट्टीच्या मुकादमानं जोडीची तपासणी लावलीय! आता मी काय करायला पाहिजे होतं? 'नाही दादा, हे वेगळं आहे' म्हणायला पाहिजे होतं. मी काय केलं? मुकादमाचा आवाज काढला. "कच्ची जोडी गाडीत नाय पायजे मना!" देवराम खूश होऊन हसला आणि तेवढ्यात सुई आत.

आतनं बाईंनी विचारलं, "सगळं समजावून सांगितलंस ना त्याला?"

"हो बाई."

मग ते चार दिवस! मी आयुष्यात कशाची एवढी वाट बघितली नाही, दहावीच्या रिझल्टची पण नाही. बाई दर दोन तासांनी इन्क्युबेटरच्या काचेतनं डोकवायच्या, मी दर एका तासानं. मंगळवारी थेंब टाकायचा. हवा कोरडी होती, बाईंनी कोपऱ्यात शेगडीवर किटली ठेवून खोलीभर वाफ केली. स्टुलावर चढल्या. मी त्या दिवशी सकाळपासून लसणाला शिवलो नव्हतो.

"हा कर."

"हाऽऽ."

टप्.

बुधवारी रंगवून मायक्रोस्कोपखाली. आधी सविताची. एक नंबर हजर, दोन नंबर हजर, सगळे आवाज काढून झाले, पेशीमागून पेशी. शेहेचाळीस, शेहेचाळीस, शेहेचाळीस. मी म्हणालो, "नॉर्मल बाई."

"नॉर्मल नाही म्हणायचं. जेवढ्या मोजल्या त्यात फरक दिसला नाही, असं म्हण." हा त्यांचा कायमचा हट्ट. "आता देवराम."

"तेरा नंबर?"

मी स्क्रीनवर बोट फिरवलं. "एकच हजर बाई."

"चौदा?"

"चौदा पण एकच."

"एकूण?"

"पंचेचाळीस."

"थेंब टाकताना एखादा बाहेर उडाला असेल. पुढची पेशी."

पुढची पेशी, पंचेचाळीस. त्याच्या पुढची, पंचेचाळीस. बाकीचे वीस पेशी मोजून चहाला जातात, बाईंनी मला पन्नास मोजायला लावल्या. आवाज काढायचे मी कधीच विसरलो होतो. तिसाव्या पेशीला बाईंनी माझी बाही पकडली.

"हा बघ! हा लांबडा. हा कोण आहे? ह्याचे रंगलेले पट्टे बघ."

मी बघितलं. अर्धा तेरा, अर्धा चौदा. दोघं गळ्यात गळा घालून एक झालेले!

"कोणी गैरहजर नाही रे," बाई ओरडल्या, आणि आमच्या साठीच्या पुढच्या बाई स्लिपर आपटत खोलीभर फिरल्या. "एक दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसलाय! म्हणून डोकी कमी भरतायत!"

मी पण उड्या मारल्या. खरं सांगतो, आम्हाला तेव्हा कोणाच्या दुःखाचं काही वाटत नव्हतं. सापडलं होतं! तीन वर्षं जे सविताच्या डोक्यावर बसलं होतं, ते तिचं नव्हतंच.

बाई आधी थांबल्या. "डॉक्टर सही करतील, तेच सांगतील. देवरामला आधी, एकट्याला, दार लावून. तोपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस."

"पण सही करणारे डॉक्टर नाशिकहून शुक्रवारीच येतात. गाडी उद्या दुपारी आहे."

"मला कळतंय. त्यांना फोन लावते."

गुरुवारी सकाळी फोन लागेना. आणि अकरा वाजता देवराम, सविता, देवरामची आई आणि आशाताई दवाखान्याच्या व्हरांड्यात हजर. देवराम म्हणाला, "चिठ्ठी द्या, गाडी सुटंल."

आई म्हणाली, "चिठ्ठी कशाला? ही नाय जात. हिला हिचे आयकडं सोडतो. माझी भाची थांबलीय स्टँडवर."

सविता बाकाच्या टोकाला बसली होती. मांडीवर गाठोडं, गाठोड्यातनं तव्याची कड बाहेर आलेली. तिनं तवा बांधून आणला होता. म्हणजे तिला अजून वाटत होतं की आपण जाऊ.

मी आत पळालो. बाई एका कानाला फोन लावून दुसऱ्या हातानं मला दटावत म्हणाल्या, "रिंग जातेय. तू त्यांना अर्धा तास थांबव. फक्त थांबव. कळलं?"

"कळलं."

मी बाहेर आलो. दवाखान्याची वेळ, व्हरांडा भरलेला. देवरामची आई उठायला लागली. मी म्हणालो, "आजी, जरा थांबा. एक गंमत दाखवतो."

आता माझ्यासारख्याला समोर पंचवीस माणसं मिळाली की काय होतं ते तुम्हाला काय सांगू! मी दोन बाकं ओढून समोरासमोर मांडली. एका बाकावर दोन पेशंट बसवले. "हे तेरा नंबर. ही जोडी." दुसऱ्या बाकावर दोन. "हे चौदा नंबर. ही जोडी. किती डोकी?"

सगळे म्हणाले, "चार."

मग तेरातल्या एका बारक्या म्हाताऱ्याला उठवलं आणि चौदातल्या जाडजूड दुकानदाराच्या मांडीवर बसवलं. व्हरांडा हसायला लागला. "आता बाकाला टेकलेली बुडं मोजा!"

देवरामची आई स्वतः बोटानं मोजायला लागली. "एक, दोन, तीन."

"माणसं कमी झाली का?"

"नाय. चारच आहेत. एक वर बसलाय."

"बरोबर! तर अशानं ह्या माणसाला स्वतःला काहीच होत नाही. जेवतो, काम करतो, धडधाकट. पण पोरासाठी प्रत्येक बाकावरनं एकेकाला पाठवायचं असतं. हे मांडीवरचे दोघं एकदमच जातात नाहीतर एकदमच मागं राहतात, आणि बाकीचे दोघं कधी सोबत निघतात, कधी नाही. पोराकडं कधी जास्त जमतात, कधी कमी. मग ते पोट टिकत नाही. कधी मात्र बरोबर जातात, मग पोर छान होतं. आता ह्यात बायकोनं काय केलं?"

"काय नाय केला," म्हातारी म्हणाली. खरंच म्हणाली! तिचं तोंड उघडंच राहिलं. सवितानं पहिल्यांदा मान वर केली. मी तिथंच थांबायला पाहिजे होतं.

पण मांडीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग हा मांडीवर बसल्याला कोनात सापडला?"

आणि मी, हनुवटी छताकडं करून, देवरामच्या आवाजात म्हणालो, "माना काय झालाय? रगत माझा कशाला?"

व्हरांडा फुटला. दुकानदार हसून हसून हलायला लागला आणि म्हातारा मांडीवरनं घसरला. आशाताईंनी कपाळाला हात लावला. देवराम एकटा हसत नव्हता. तो इकडं तिकडं बघत उठला, चपला घालायला विसरला आणि तसाच फाटकाबाहेर गेला.

सविता उठली. मला वाटलं आता ही मला 'भाऊ, वाचवलंस' म्हणणार.

"माझे माणसाला चार लोकांत हसवाला मी तुला सांगितला होता?" ती म्हणाली. तिनं त्याच्या चपला उचलल्या, गाठोडं उचललं आणि त्याच्या मागं गेली.

मी धावलो. स्टँडवर भट्टीची गाडी भरलेली, हंडे, गोधड्या, पिंजऱ्यात दोन कोंबड्या. मुकादम वहीतनं ओरडत होता, "जोडी सात! जोडी सात पुरी का?" देवराम वर चढून एका पोत्यावर बसलेला. भाची पिशवी घेऊन खाली उभी. तिच्यापासून चार पावलांवर सविता, एका हातात चपला.

मी गाडीचा फळका धरला. धाप लागलेली, तोंडातनं कोणाचाच आवाज निघेना. "दादा, चुकलो. आणि मुकादमानं तपासणी सांगितलीच नव्हती. ते पण माझंच."

देवराम पोत्यावरनं पुढं सरकला. मग म्हणाला, "पुन्ना काढ."

"काय?"

"माझा आवाज. पुन्ना काढ."

"नको दादा."

"काढ म्हनतो ना."

मी हळूच काढला. 'माना काय झालाय.' ह्या वेळेला कोणी हसलं नाही. त्यानं तो पाहुण्याचं बोलणं ऐकावं तसा ऐकला. मग फळक्यावरनं वाकून सविताला विचारलं, "असाच बोलतो मी?"

"असाच," सविता म्हणाली. "तीनी टायमाला असाच."

मुकादम पुन्हा ओरडला, "जोडी सात!"

देवरामनं पोतं बाजूला सारलं. भाचीकडं न बघता म्हणाला, "तू घरी जा पोरी." आणि हात खाली केला. "तवा दे आधी." सवितानं तवा दिला, मग चपला दिल्या, मग हात दिला. गाडी सुटली तेव्हा त्याची आई लंगडत येत होती. आशाताईंनी तिला सावलीत बसवलं. म्हातारी रडली नाही, भांडली नाही, भाचीला म्हणाली, "चल. डाक्टर काय सांगतो ते ऐकू आधी."

मी तर हवेत! स्टँडवर दोन कटिंग मारले, वडापाव खाल्ला. ओळखीच्या तीन जणांना सगळी गोष्ट आवाजांसकट सांगितली. दीड-दोन तासांनी शीळ घालत परत आलो. बाई आता निदान खांदे तरी हलवतील.

खोलीत अंधार. लाईट गेलेली. बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, शाल गळ्यापर्यंत गुंडाळलेली, दोन्ही हात अंगाला चिकटवलेले.

"बाई! गेली ती त्याच्याबरोबर! हात देऊन वर घेतली तिला!"

"आशाताईंनी सांगितलं." आवाज एकदम सपाट. "तुझा फोन कुठंय?"

खिशात होता, सायलेंटवर. बाईंचे अकरा कॉल.

"डॉक्टर आज दुसऱ्या कामानं मोखाड्यातच आले होते. फोन लागला, तसे हातातलं टाकून निघाले. मी तुझ्याकडं अर्धा तास मागितला होता. अर्धा तास! त्यांनी त्याला आत घेतलं असतं, दार लावलं असतं, मग त्याच्या बायकोला शेजारी बसवलं असतं. तू त्याला बाजारात उभा केलास."

"पण बाई, शेवटी नीट झालं ना..."

"ते तुला माहीत होतं? तो चालत स्टँडऐवजी दुसरीकडं कुठं गेला असता तर? नशिबानं चांगली आलेली स्लाइड मी ठेवते का? सांग, ठेवते का?"

"नाही बाई."

"फेकते. आणि रक्त घेताना मी विचारलं, समजावून सांगितलंस का, तेव्हा काय म्हणालास? हो बाई. कोणाच्या आवाजात म्हणालास ते? हेडमास्तरांच्या का कंडक्टरच्या? आता ते भट्टीवर पोचले की डॉक्टर फोन करतील, आणि पहिली पाच मिनिटं तुझ्याबद्दल माफी मागण्यात जातील. दोघांचीही. तू शेजारी उभा राहायचंस."

मी मान खाली घालून उभा. एवढं बोलल्या, पण एकदाही हात उगारला नाही, टेबलावर आपटला नाही. नेहमी आपटतात. मी जरा वाकून बघितलं. बाईंच्या कपाळावर घाम आलेला.

"बाई, बरं वाटत नाहीये का?"

"लाईट कधी गेली माहितेय? तू फाटकाबाहेर पडलास आणि गेली. इन्क्युबेटर बॅटरीवर कोण टाकतं? बॅटरीच्या खोलीची किल्ली कुठंय?"

माझा हात आपोआप पँटच्या खिशात गेला. किल्ली गरम लागली.

"तीन नळ्या होत्या आत," बाई म्हणाल्या. "दोन उजव्या काखेत आहेत, एक डाव्या. दीड तास मी खाजवलेलंसुद्धा नाही."

मला हसू आलं. आवरेना.

"हस! आणि पळ, बॅटरी लाव. आणि ऐक. ह्या तिघांतलं एक जरी वाया गेलं ना, तरी तू पाड्यावर चढायचंस, त्या माणसासमोर उभं राहायचंस आणि सांगायचंस काय झालं ते. आणि नक्कल करून नाही, गाढवा. तुझा स्वतःचा काही आवाज असेल, तर त्यात."